बाबांची भरती चुकली : न्यू जर्सीच्या खाजणात गीज आणि चिखलपक्षी

बांधावरची | २२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

माझे वडील खारेपाटातले, पेणजवळचे. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. नायगारा झाला, लिबर्टीचा पुतळा झाला, पण "छान आहे" याच्या पलीकडे त्यांच्या तोंडून काही निघेना. परवाच्या रविवारी त्यांना एडविन बी. फोर्साइथ अभयारण्यात नेलं. गाडीचं दार उघडून त्यांनी एकदाच वास घेतला आणि म्हणाले, "अगं, हे तर खाजण!"

खाजणच आहे ते. अटलांटिक सिटीच्या उत्तरेला, ओशनव्हिल गावाजवळ. कॅसिनोंच्या इमारती क्षितिजावर दिसत असतात आणि अलीकडे मैलोनमैल खारं गवत. १९३९ साली ब्रिगँटाइन या नावाने हे अभयारण्य झालं, १९८४ मध्ये शेजारच्या बार्नेगाटला जोडून आजचं नाव मिळालं. जुने पक्षीवेडे अजून 'ब्रिग'च म्हणतात. दलदलीत बांध घालून मोठी तळी केली आहेत आणि त्या बांधांवरूनच आठ मैलांचा एकेरी गाडीरस्ता जातो. वेगमर्यादा ताशी १५ मैल, तीसुद्धा मला जास्त वाटते. तळ्यांचं पाणी कमी-जास्त करायला दारं आहेत. इंजिनियर नवरा त्यांना वॉटर कंट्रोल स्ट्रक्चर म्हणाला. बाबा म्हणाले, "उघाडी म्हण की सरळ."

ऑक्टोबरात गवत सोनेरी होतं आणि त्यात मधेमधे लालभडक पट्टे दिसतात. ती ग्लासवर्ट नावाची खारट, गुबगुबीत वनस्पती. बाबांनी एक टोक तोडून चावलं (तोडायचं नसतं, हे मी नंतर सांगितलं) आणि मोरसाच्या भाजीची आठवण काढली.

आता फजिती. किनाऱ्याच्या पक्ष्यांचं सगळं वेळापत्रक भरतीवर चालतं. ओहोटीला ते बाहेर खाडीच्या चिखलात मैलभर पसरलेले असतात, दुर्बिणीतून नुसते तीळ दिसतात. भरतीने चिखल बुडाला की बसायला जागा शोधत बांधाच्या आतल्या तळ्यांत येतात, अगदी गाडीपासून वीस-पंचवीस पावलांवर. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोचायचं. मी फोनवर तक्ता बघणार तेवढ्यात बाबांनी बोटं मोजली. "आज चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती." आयुष्यभर ज्यांनी या हिशेबावर शेतात खारं पाणी शिरू दिलं नाही, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? आरामात जेवून एकला पोचलो. भरती साडेअकरालाच होऊन गेलेली! पाणी उतरत होतं आणि पक्ष्यांचे थवेच्या थवे आमच्या डोक्यावरून बाहेर चालले होते. बाबा गप्प. मग हळूच म्हणाले, "इथला चंद्र वेगळा आहे का गं?"

तरी बरंच मिळालं. दोन-तीनशे डनलिन (छोटे चिखलपक्षी) एका चिखलाच्या पट्टीवर मागे राहिले होते, शिलाई मशीनसारखी चोच खालीवर, खालीवर. ग्रेटर यलोलेग्ज, चार अव्होसेट. उरलेसुरले तीन मोर शराटी दिसल्यावर बाबांनी एकदम ओळख दिली. हे तेच, जगभर एकच जात! तलवार बदक आणि थापट्याही तेच. एक बहिरी ससाणा आला आणि सगळे डनलिन एक अंग असल्यासारखे उठले. पाठ दिसली की थवा तपकिरी, वळला की पांढरा.

आणि ब्रँट गीज (गीज म्हणजे 'गूस'चं अनेकवचन, हंसांच्या कुळातले पाणपक्षी). लहानसर, काळ्या मानेचे, गळ्यात पांढरी दोरी बांधल्यासारखी. कॅनडाच्या उत्तर टोकाला वीण करून, जेम्स बेमध्ये पोट भरून, जमिनीवरून थेट इथे येतात. अटलांटिक बाजूच्या ब्रँटचा मोठा हिस्सा हिवाळा न्यू जर्सीतच काढतो. आपल्या लोकांसारखाच.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. मी सहा वर्षं इथे जातेय आणि पहिली चार वर्षं 'हा सेमीपामेटेड की वेस्टर्न सँडपायपर' (दोन्ही छोटे, जवळजवळ सारखे दिसणारे चिखलपक्षी) यातच डोकं फोडलं. आता ते सोडलं. आता मी वय बघते. शरदात हे कळतं आणि एकदा कळायला लागलं की मजा वेगळीच.

गूसची पिल्लं आईबापांबरोबर येतात. पहिला हिवाळाभर कुटुंब एकत्र असतं. ब्रँटचं यंदाचं पिल्लू ओळखायला सोपं, बंद पंखावर पांढऱ्या बारीक रेघा असतात. थव्यात नीट पाहिलं तर दोन मोठे, मागे तीन रेघावाले, असे गटच दिसतात. रस्ता, थांबे, कुठे काय खायचं, हे सगळं ती आईबापांमागून शिकतात.

सँडपायपरांचं उलट. मोठे जुलैतच निघून येतात, बऱ्याच जातींत आधी माद्या, मग नर. पिल्लं मागे राहतात, स्वतःच चरबी साठवतात आणि नंतर आपली आपण निघतात. जेमतेम दोन महिन्यांची पोरं, कधी न पाहिलेल्या देशात, कुणी दाखवायला नाही. सेमीपामेटेड सँडपायपर वजनाने जेमतेम दोन मोठे चमचे पाण्याएवढा. त्यांतले लाखो कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात चिखलातले बारीक जीव खाऊन वजन दुप्पट करतात आणि न थांबता समुद्रावरून दक्षिण अमेरिकेत उतरतात. पिल्लंसुद्धा. त्यांची पाठ खवल्यांसारखी, प्रत्येक पिसाला फिकी कड, सगळी पिसं एकसारखी कोरी. मोठ्यांची पिसं उन्हाळाभर वापरून झिजलेली असतात.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग यातलं तू कोण?" मी विषय बदलला.

तुमच्याकडे काय दिसतंय? लिहा.

कोलंबीभात | २२ ऑक्टोबर, रात्री १०:५२

मस्त! 'उघाडी म्हण की सरळ' :-) बाबांना साष्टांग नमस्कार.

एडिसनकर | २३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

ताई, लेख छान, पण गीज बघायला दीड-पावणेदोन तास गाडी चालवायची? आमच्या ऑफिसच्या हिरवळीवर या. दोनशे कॅनडा गीज, बारा महिने, एक पाऊल टाकायला जागा ठेवत नाहीत. गेल्या आठवड्यात एकाने फुस्स करून माझ्या डब्याच्या पिशवीवर चाल केली. स्थलांतर वगैरे काही करत नाहीत हो, ग्रीन कार्ड मिळालेलं आहे त्यांना.

बांधावरची | २३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

@एडिसनकर, हसले, पण तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तुमच्या ऑफिसातले स्थानिक आहेत आणि त्याला इतिहास आहे. पूर्वी शिकारी जिवंत गीज पाळून पाण्यावर आमिष म्हणून सोडत. १९३५ मध्ये त्यावर बंदी आली, तेव्हा अशा पाळीव थव्यांतले पुष्कळ मोकळे सुटले. त्यांच्या आईबापांनीच कधी स्थलांतर केलं नव्हतं, मग पिल्लांना रस्ता दाखवणार कोण? नंतर सरकारी खात्यांनीही ठिकठिकाणी गीज आणून सोडले. त्यांना कापलेली हिरवळ, तळं आणि कोल्ह्यांचा तुटवडा मिळाला. संपलं.

पण त्याच जातीचे खरे प्रवासीही येतात, लॅब्राडोरच्या बाजूने. १५ जानेवारी २००९ ला जे विमान हडसन नदीत उतरवावं लागलं, त्याच्या इंजिनांत कॅनडा गीज गेले होते. स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञांनी इंजिनातल्या पिसांमधल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) शोधलं की ते गीज न्यू यॉर्कचे रहिवासी नव्हते, उत्तरेकडून आलेले होते. पीस जिथे उगवतं तिथल्या पाण्याची खूण त्यात राहते.

डब्यात काय होतं?

एडिसनकर | २३ ऑक्टोबर, दुपारी १२:४१

मेथीचे पराठे. हिरवं दिसलं असावं.

उरणचा भटक्या | २३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

वयाचा मुद्दा फार आवडला, कारण इथेही नेमकं तेच होतं आणि आम्ही बोलत नाही त्यावर. आमच्याकडे मोठे कर्ल्यू सँडपायपर ऑगस्टमध्ये, भर पावसात येतात, तेव्हा पोटावर विणीचा विटकरी रंग ठिगळा-ठिगळांनी उरलेला असतो. सप्टेंबरनंतर जे येतात ते छातीवर फिक्या बदामी झाकेचे, पाठीवर खवले असलेले. ती सायबेरियात जन्मलेली यंदाची पिल्लं. लोक नोव्हेंबरात रोहित बघायला ठाण्याच्या खाडीवर गर्दी करतात, तोवर हा सगळा खेळ संपलेला असतो. ऑक्टोबरच्या उन्हात घाम पुसत उभं राहायची तयारी असेल त्यालाच दिसतो.

तुमच्या यादीत एक नाव हवं होतं. ब्लॅक-बेलीड प्लोव्हर दिसला का? तोच आमचा ग्रे प्लोव्हर, चिखल्यांच्या कुळातला. तुमच्याकडे वसंतात पोट काळं असताना दिसतो म्हणून ते नाव, आमच्याकडे सगळा हिवाळा राखाडी म्हणून हे. ओळखायची खूण एकच, उडाला की काखेत काळा डाग. आम्ही म्हणतो, काखेत काळं आणि खाडीभर शोध.

इथली स्थिती काय सांगू. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, आनंद आहे. पण चिखलपक्ष्यांना खाडी एकटी पुरत नाही. भरतीला बसायला आजूबाजूची उथळ पाणथळ लागते, जे काम तुमची तळी करतात ते. उरणच्या बाजूला अशा जागा एकेक करून भराव पडून किंवा भरतीचं पाणी अडून संपतायत. पक्षी तिथे येतात, दोन चकरा मारतात आणि निघून जातात. मी पंधरा वर्षं एकाच बांधावर उभा राहायचो. यंदा तो बांध आहे, पाणी नाही.

पंचांगवाला | २४ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

काकांचा हिशेब चुकलेला नाही, पत्ता चुकला. तिथीची पाऊणपट हा नियम मुंबईच्या आसपासचा, कारण इथे अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती साधारण बाराला येते, म्हणजे सुरुवात शून्यापासून. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, त्याची ही सोपी पाऊण. प्रत्येक बंदराचा आरंभ निराळा. किनाऱ्याचा आकार, खाडीची खोली, सगळं त्यात येतं. त्या दिवशी चतुर्थीला साडेअकरा म्हणजे त्यातून तीन वजा करा : साडेआठ. तुमच्या खाजणाचा आकडा साडेआठ. काकांना सांगा, पाऊणपट करून साडेआठ मिळवा. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचं गणित मात्र तेच, अष्टमीला पाणी कमी चढणार, तेव्हा पक्षी आत यायची घाई करणार नाहीत.

बांधावरची | २४ ऑक्टोबर, सकाळी ९:००

@पंचांगवाला, बाबांना वाचून दाखवलं. चार दिवसांनी चेहऱ्यावर हसू आलं. फ्रिजवर '८॥' लिहून ठेवलंय.

@उरणचा भटक्या, दिसले ना, बारा-पंधरा. यादीत टाकायचे राहिले. बांधाचं वाचून मात्र गलबललं. इथेही २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ ब्रिगँटाइनजवळच किनाऱ्याला लागलं, तेव्हा हे बांध फुटले होते. पण फुटलेला बांध पुन्हा बांधता येतो, भराव टाकलेल्या जमिनीचं काय करणार.

शंकासुर | २४ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

एक प्रश्न. मी असं ऐकलंय की या अभयारण्यात शिकारीलाही परवानगी आहे. मग अभयारण्य कसलं? एकीकडे दुर्बीण, एकीकडे बंदूक.

बांधावरची | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

आहे. ठरावीक भागात, ठरावीक हंगामात, परवाना काढून. मलाही पहिल्यांदा ठो-ठो ऐकून चहा सांडावासा वाटला होता. पण १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या सोळा वर्षं झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला डक स्टँप नावाचं सरकारी तिकीट घ्यावं लागतं, सध्या २५ डॉलर, आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमीन विकत घ्यायला किंवा राखायला जातो. ती जमीन नसती तर ऑफिसं आणि हिरवळी असत्या, आणि एडिसनकरांचे मित्र. मी स्वतः दरवर्षी तो स्टँप घेते, बंदूक नसताना. तो असला की गाडीच्या प्रवेशाचे ४ डॉलरही पडत नाहीत.

शंकासुर | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

पैसा कुठून आला यावरून हेतू बदलत नाही. मला पटलं नाही, पण माहिती नवीन होती.

उरणचा भटक्या | २४ ऑक्टोबर, रात्री ११:५५

@शंकासुर, तत्त्व तुमचं बरोबर असेल. पण माझ्या बांधासाठी २५ डॉलर देणारे हजार शिकारी मिळाले असते तर मी त्यांना चहा पाजला असता.

वाळवंटी बदक | २५ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

नॉर्फोकहून (इंग्लंड). आमच्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून पिंक-फुटेड गीज आइसलंड-ग्रीनलंडहून येतात. दिवसा शेतात बीटाचा उरलेला पाला खातात, संध्याकाळी वॉश नावाच्या उथळ उपसागराच्या चिखलात झोपायला जातात. आवाज दोन मैलांवरून येतो. लांबून दिंडी आल्यासारखा, आधी नुसता गलका, मग एकेक गळा वेगळा ऐकू येतो. स्नेटिशमला उधाणाच्या भरतीला हजारो नॉट पक्षी उठतात ते बघायला लोक अंधारात येऊन उभे राहतात. मीही राहते, दोन स्वेटर आणि वर सासूबाईंची शाल. नॉट सकाळी काय करतात हे नवऱ्याला अजून पटवून देता आलेलं नाही.

दोन पोरांची आई | २५ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

वाचूनच जावंसं वाटतंय. पोरं पाच आणि नऊ वर्षांची. व्यावहारिक प्रश्न : डास? टॉयलेट? दुर्बीण कोणती घेऊ? आणि पोरं अर्ध्या तासात कंटाळली तर?

बांधावरची | २५ ऑक्टोबर, दुपारी १:०५

जुलै-ऑगस्टमध्ये चुकूनही जाऊ नका. ग्रीनहेड नावाची माशी असते, चावत नाही, लचका तोडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती नाही, पण गवतात उतरलात तर टिक (गोचीड) असतात आणि त्यांच्या चावण्याने होणारा लाइम रोग न्यू जर्सीत भरपूर. विजार मोज्यांत खोचा, घरी आल्यावर पोरांच्या कानामागे, काखेत बघा. टॉयलेट सुरुवातीलाच, माहिती केंद्रापाशी. पुढे आठ मैल काही नाही आणि रस्ता एकेरी आहे, त्यामुळे 'जायचंय' म्हटलं तरी मागे वळता येत नाही. आमच्या धाकट्याने हे प्रात्यक्षिकासह शिकवलं.

दुर्बीण ८×४२. १०×४२ मुलांच्या हातात हलते. खाली उतरायची घाई नको, गाडीला पक्षी भीत नाहीत, माणसाला भितात. काच खाली करून, इंजिन बंद करून बसा. कंटाळली तर गूसची कुटुंबं मोजायला लावा : आई, बाबा, किती पोरं? माझी मुलगी यात माझ्यापेक्षा तरबेज आहे. मोठ्यांच्या भाषेतही हे काम खरंच चालतं. थव्यात पिल्लं किती यावरून आर्क्टिकचा उन्हाळा कसा गेला ते कळतं. बर्फ उशिरा वितळलं, किंवा लेमिंग उंदीर कमी झाले म्हणून कोल्हे अंड्यांकडे वळले, तर त्या वर्षी ब्रँटच्या थव्यात पोर सापडत नाही.

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चिवडा नको, आमच्या गाडीच्या सीटमध्ये मागच्या वर्षीचा अजून आहे.

बांधावरची | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पुढचा वृत्तांत. काल भाऊबीज, दादा बॉस्टनहून आला होता. बाबांनी आदल्या रात्रीच फर्मान काढलं : "द्वितीया. दोनची पाऊणपट दीड, अधिक साडेआठ, दहा. आठला बांधावर." नेमकं रात्री घड्याळ तासभर मागे गेलेलं. बाबा तेही धरून बसले होते, चंद्राला डेलाइट सेव्हिंग कळत नाही म्हणाले. म्हणजे भरती नऊला, आपण सातला. ओवाळणी पार्किंगमध्ये झाली, वाऱ्याने निरांजन तीनदा विझलं.

तक्त्यात भरती सव्वानऊची निघाली. पंधरा मिनिटांसाठी बाबा माफ.

साडेआठपासून पक्षी आत येऊ लागले. आधी यलोलेग्ज टिवटिवत, मग ग्रे प्लोव्हर (काखा बघितल्या!), मग डनलिन, किती ते मोजायचं मी सोडून दिलं. उत्तरेकडच्या बांधाला वळलो तर पाणी एका बाजूला पांढरं. स्नो गीज! अजून मुख्य लोंढा यायचाय, तरी हजाराच्या घरात असतील. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिक बाजूचे हे गीज काही हजारच उरले होते. आता लाखांत आहेत, इतके की दलदलीतली गवताची मुळं उकरून टक्कल पाडतात. बाबा बराच वेळ बघत होते. "रानडुकरं करतात तसं करतायत," म्हणाले. शेतकऱ्याची नजर.

मग त्यांना पिल्लू सापडलं. पांढऱ्यात एक मळकट राखाडी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे. ते पिल्लू जरा मागे पडलं की एक मोठा थांबायचा. बाबांनी दुर्बीण दादाकडे दिली नाही, माझ्याकडेही नाही. वीस मिनिटं. चहा गार झाला.

उरणचा भटक्या | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

वा. परतल्यावर काकांना उरणला घेऊन या, आमच्याकडे आरंभ शून्य आहे, गणित सोपं. एक बांध अजून शिल्लक आहे.

बांधावरची | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

सांगितलं. विचारतायत, फेब्रुवारीत चालेल का, आणि कोणती तिथी.

पंचांगवाला | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

सकाळची भरती हवी तर एकादशी-द्वादशी धरा, आठ-नऊला. अष्टमीच्या आसपास नको.